पेंटेकॉस्टच्या आधी लग्न नाही : कॅन्ससच्या मेनोनाइट शेतकऱ्यांवर प्रेमकादंबरी लिहिताना

ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरीत नायक-नायिकेच्या आड येणारी गोष्ट त्यांच्या श्रद्धेतूनच यायला हवी, हे सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा. खुनशी शेजारी, हरवलेलं पत्र, श्रीमंत घरचं दुसरं स्थळ यांवरही कथा चालते. पण मग प्रार्थनेचे सगळे प्रसंग उचलून बाजूला ठेवले तरी कथेचं काही अडत नाही, आणि वाचकाला ते पन्नासाव्या पानापर्यंत कळून चुकतं.

इथे एकच वसाहत उदाहरणाला घेतली आहे : रशियन साम्राज्यातून १८७४ मध्ये कॅन्ससला आलेले जर्मनभाषक मेनोनाइट शेतकरी. मिनेसोटातले नॉर्वेजियन ल्यूथरन किंवा आयोवातले डच यांच्यावर लिहायचं असलं तरी कामाची रीत हीच राहील, तपशील तेवढे नव्याने गोळा करावे लागतील.

आधी गाव आणि वर्ष

मेनोनाइट हा पंथ सोळाव्या शतकातला, मेनो सायमन्सच्या नावाने ओळखला जाणारा. समजत्या वयात स्वतःहून मागितल्यावरच बाप्तिस्मा, हाती शस्त्र न धरणं आणि शपथ न वाहणं ही त्यांची मुख्य तत्त्वं. नेदरलँड्समधून प्रशिया आणि तिथून आजच्या दक्षिण युक्रेनमधली मोलोच्ना वसाहत असा त्यांच्यातल्या मोठ्या गटाचा प्रवास झाला. १८७० नंतर रशियाने सक्तीची लष्करी सेवा सगळ्यांना लावायचं ठरवलं, तशी त्यांची जुनी सूट धोक्यात आली. १८७३ मध्ये बारा प्रतिनिधी अमेरिका आणि कॅनडात जमीन बघून गेले, आणि पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे १८,००० लोकांनी घरदार विकून तिकडची वाट धरली. कॅन्ससमध्ये सँटा फे रेल्वेला आपली जमीन विकायची होती, आणि राज्याच्या विधिमंडळाने १८७४ मध्येच धर्मतत्त्वामुळे शस्त्र न धरणाऱ्यांना मिलिशियातून, म्हणजे राज्याच्या नागरी सैन्यातून, सूट दिली. एवढी पार्श्वभूमी लेखकाला तोंडपाठ हवी. कादंबरीत मात्र ती दोन-तीन संवादांपेक्षा जास्त येऊ देऊ नका.

गावं दोन घ्या. एक ग्नाडेनाउ, मॅरियन काउंटीतलं. क्रिमियातून आलेल्या याकोब वीबे यांच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदगटाने, ते १८७४ च्या ऑगस्टमध्ये वसवलं. दुसरी आलेक्झांडरवोलची मंडळी. मोलोच्नातलं हे जवळजवळ अख्खं गाव मंडळीचे वडील, म्हणजे धर्मप्रमुख, याकोब बुलर यांच्याबरोबर निघालं आणि सिंब्रिया व ट्युटोनिया या दोन जहाजांनी हॅम्बर्गहून न्यूयॉर्कला उतरलं. कॅन्ससमध्ये या दोन वस्त्यांत साधारण पंधरा ते वीस किलोमीटरचं अंतर होतं. घोडागाडीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल, पण रोज जाता येणार नाही, इतकं. प्रेमकथेला याहून सोयीचं अंतर शोधून सापडणार नाही.

नकाशा वापरताना सालं तपासा. आज या भागात गेलात तर हिल्सबरो हे मुख्य गाव दिसतं, पण ते वसलं १८७९ मध्ये. १८७४ च्या पात्राला सामान आणायला पीबॉडी किंवा न्यूटनला पाठवा, तिथे रेल्वे १८७१ मध्येच पोचली होती.

दोन पंचांगं एकावर एक ठेवा

कथानकाचा सांगाडा इथेच उभा राहतो, म्हणून या कामाला दोन-तीन दिवस द्या. मोठ्या कागदावर सप्टेंबर १८७४ ते जुलै १८७६ असे महिने आडवे लिहा. वरच्या ओळीत शेती, खालच्या ओळीत मंडळी.

शेतीची ओळ भरताना मराठी लेखकाचा हात हमखास चुकतो. आपला गहू रब्बीचा : नोव्हेंबरात पेरायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. कॅन्ससमध्ये रुजला तो टर्की रेड हा हिवाळी गहू. तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरतात. थंडीआधी त्याला फुटवे येतात, मग बर्फाखाली तो निजून राहतो. ही थंडी त्याला लागतेच. ती मिळाली नाही तर ओंबी धरत नाही. मार्चमध्ये शेत पुन्हा हिरवं होतं, मेमध्ये निसवतं आणि जूनच्या उत्तरार्धात कापणी. म्हणजे होळीच्या सुमाराला सोनेरी शेत रंगवलंत तर प्रकरण बाद. पावसाचंही तसंच. तिथे मान्सून नाही, त्यामुळे जूनच्या पहिल्या पावसात भिजणारी नायिका नको. मे-जूनचा पाऊस तिथे गारा घेऊन येतो आणि उभं पीक झोपवतो.

मंडळीच्या ओळीत दोन तारखा लाल शाईने लिहा : १६ मे १८७५ आणि ४ जून १८७६. हे त्या दोन वर्षांचे पेंटेकॉस्टचे, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाचे, रविवार. आलेक्झांडरवोलसारख्या मंडळीत बाप्तिस्मा परंपरेने पेंटेकॉस्टला होई, आणि त्याआधी ईस्टरपासूनच्या रविवारी उमेदवारांकडून धर्मप्रश्नोत्तरी म्हणवून घेत. बाप्तिस्मा झाल्याशिवाय मंडळीचं सभासदत्व नाही, आणि सभासदत्वाशिवाय लग्न नाही. आता ओळी एकत्र वाचा. १८७५ च्या मेमध्ये नायकाचं मन तयार नसेल, तर त्याच्यापुढे एक अख्खं पेरणी-ते-कापणी वर्ष वाढून ठेवलेलं आहे. कुठल्याही खलनायकाशिवाय कादंबरीला तेरा महिन्यांची मुदत मिळाली.

एक बारकी खूणही या कागदावर करून ठेवा. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालत होती, ती बारा दिवस मागे. मागे राहिलेल्या बहिणीने १ मार्चला लिहिलेलं पत्र म्हणजे अमेरिकेतली १३ मार्च. मृत्यूची बातमी आणणाऱ्या पत्रात हा फरक फार काही करून जातो.

अडथळा कुठून काढायचा

बाहेरून सगळे मेनोनाइट सारखे दिसतात, पण बाप्तिस्म्याच्या रीतीवरून त्यांच्यात खोल फूट होती. आलेक्झांडरवोलला वडील डोक्यावर पाणी ओतत. ग्नाडेनाउची मंडळी १८६९ मध्ये क्रिमियात वेगळी झालेली. तिथे उमेदवाराला वाहत्या पाण्यात गुडघे टेकायला लावून पुढच्या बाजूने बुडवत. आणि १८६० मध्ये निघालेले मेनोनाइट ब्रदरन मागच्या बाजूने बुडवत. बुडवणाऱ्या मंडळींच्या लेखी नुसत्या ओतलेल्या पाण्याचा बाप्तिस्मा पुरेसा नव्हता, तर पुन्हा बाप्तिस्मा घेणं हा ओतणाऱ्यांच्या लेखी आपल्या आईवडिलांची श्रद्धा खोटी ठरवण्याचा प्रकार.

समजा नायिका कथरिना ग्नाडेनाउची आणि पेटर आलेक्झांडरवोलचा. त्याला तिच्याशी लग्न करायचं तर ओढ्यात उतरावं लागेल. तो उतरायला तयारही होईल. पण मंडळीपुढे त्याला आपलं मन कसं पालटलं याची साक्ष द्यावी लागते, आणि तिथे वडील विचारणार : तू ख्रिस्तासाठी आलास की कथरिनासाठी? कादंबरीचा कणा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पेटरला स्वतःलाही माहीत नसेल तर उत्तम. आणि कथरिनाला ते त्याच्याआधी उमगेल तर आणखी उत्तम, कारण मग नकार तिच्याकडून येतो आणि तिच्या श्रद्धेलाही किंमत मोजावी लागते.

इथे दोन चुका टाळा. नायकाचं मनपरिवर्तन ही लग्नाची पात्रता परीक्षा करू नका. आणि वडिलांना हेकट म्हातारा करू नका. मेनोनाइट वडील आणि उपदेशक हे मंडळीने आपल्यातूनच निवडलेले बिनपगारी शेतकरी. रविवारी साक्ष ऐकणारा माणूस सोमवारी त्याच बांधावर नांगर धरून असतो. त्याला पेटर मनापासून आवडत असूनही नाही म्हणावं लागतं, असं लिहिलंत तर तो प्रसंग वाचकाच्या मनातून जाणार नाही.

जमीन, नांगर, खळं

सेक्शन म्हणजे एक मैल लांब-रुंद चौकोन, ६४० एकर. त्याचा पाव भाग १६० एकर. रेल्वेला एकाआड एक सेक्शन मिळालेले, मधले सरकारचे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन पाच वर्षं राहून-कसून मिळे; मात्र रेल्वेच्या पट्ट्यातल्या जमिनीवर १८७९ पर्यंत सर्वसाधारण दावेदाराला ८० एकरच मिळत. एकवीस वर्षांच्या अविवाहित मुलीलाही स्वतःच्या नावे दावा लावता येई. नागरिक होण्याचा इरादा नोंदवताना शपथ वाहायची वेळ येते तेव्हा मेनोनाइट शपथ न वाहता गंभीर प्रतिज्ञा करतात. कचेरीतला कारकून ‘हात वर करा’ म्हणतो आणि बाप गप्प उभा राहतो, हा छोटा प्रसंग तत्त्वज्ञानाची तीन पानं वाचवतो.

ग्नाडेनाउकरांनी रशियातल्यासारखीच एका रस्त्याच्या दुतर्फा घरं बांधली आणि मागे शेतांच्या लांब पट्ट्या पाडल्या. कागदोपत्री मालकी सेक्शनप्रमाणे आणि वहिवाट पट्ट्यांप्रमाणे, म्हणून काही वर्षांतच ही रचना मोडली आणि कुटुंबं आपापल्या जमिनीवर राहायला गेली. शेजारच्या अंगणातून ऐकू येणारं गाणं बंद झालं, हे नायिकेच्या आईच्या तोंडी घाला.

कुरणाची जमीन पहिल्यांदा फोडताना नांगर खोल घालत नाहीत. दोन-तीन इंचांचा गवताच्या मुळांसकटचा पट्टा उलटा पाडायचा आणि कुजू द्यायचा. खोल गेलात तर बैल थकतात, मुळंही नीट कुजत नाहीत. जमीन फोडण्याची खरी वेळ मे-जून. सप्टेंबरात आलेल्या कुटुंबाला ती चुकलेली असते, म्हणून पहिल्या शरदात त्यांच्याकडून शंभर एकर पेरून घेऊ नका. हाताने फोकून पेरताना एकरी एक ते दीड बुशेल बी लागतं. गव्हाचं बुशेल म्हणजे सुमारे सत्तावीस किलो. पेटीत बसतील एवढे निवडक दाणे घरच्या मुलांनी वेचून आणल्याची गोष्ट या लोकांत प्रेमाने सांगतात. ती कथेत जरूर घ्या, पण त्या पेटीतून किती जमीन पेरली जाईल याचा हिशेब मांडून मगच.

मळणीचा दगड जवळून दाखवा. चुनखडीचा जाड लोळा, त्याच्या अंगभर लांबीच्या बाजूने कोरलेले सात दाते, दोन्ही टोकांना लोखंडी आस. खळ्यात पसरलेल्या पेंढ्यांवरून घोडे तो ओढतात. दाता खाली येतो तेव्हा दगड ठक्कन आपटतो, पुढचा येईपर्यंत उचलला जातो. त्या आपटण्यानेच दाणा सुटतो. आपल्याकडच्या वाचकाला खळं, पात, उफणणी हे शब्द ओळखीचे आहेत, ते बिनदिक्कत वापरा. फक्त बैलांची पात सरसकट आणू नका. हे दगड कॅन्ससमध्येही घडवून घेतले, पण मळणीयंत्रं आल्यावर थोड्याच वर्षांत अंगणात पडून राहिले. १८९० च्या कथेत तो दगड फक्त बसायच्या कामाचा.

संकटांत टोळधाड हमखास येते. मोठी धाड १८७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आली. गहू बहुतेक निघालेला होता, मका उभा होता आणि तो गेला. तुमची पात्रं शरदाच्या तोंडावर उतरतात तेव्हा त्यांना टोळ पाहायला मिळतीलच असं नाही. कुरतडलेलं रान आणि जमीन विकून परत निघालेले आधीचे रहिवासी मात्र दिसतील.

चूल आणि झ्वीबाक

घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी, तिचं तोंड स्वयंपाकघरात आणि बाजू बाकीच्या खोल्यांच्या भिंतीत. लाकूड नव्हतंच. पेंढा किंवा वाळलेलं गवत मुठीने आत ढकलायचं, दिवसातून दोन-तीनदा. विटा तापल्या की रात्र निघते. पुढे जनावरं वाढल्यावर शेण आणि पेंढा तुडवून, कापून, वाळवून विटा करत. त्यांना ‘गोवऱ्या’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भिंतीवर थापलेली गोल गोवरी येते. ‘शेणाच्या विटा’ म्हणा.

खाण्यात झ्वीबाक हवाच. दूध, लोणी किंवा चरबी, यीस्ट, मीठ आणि मैदा यांची मऊ कणीक. ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून पिळून लिंबाएवढा गोळा तोडायचा, त्यावर दुसरा जरा लहान गोळा ठेवायचा आणि वरून बोट थेट खालच्या गोळ्याच्या तळापर्यंत दाबायचं. दाबायला भ्यालं की भट्टीत वरचा गोळा घसरून बाजूला पडतो. नवशिक्या मुलीची ताटली ओळखायची ती यावरून. हे शनिवारी भाजतात आणि रविवारी दुपारच्या फास्पाला, म्हणजे हलक्या जेवणाला, थंड मांस, मुरांबा आणि भाजलेल्या धान्याची कॉफी, म्हणजे प्रिप्स, यांच्याबरोबर खातात. पुन्हा भाजून कडक केलेले झ्वीबाक समुद्रप्रवासात टिकले. आगबोटीवर आईने पिशवीतून मोजून दिलेला शेवटचा तुकडा, आणि वर्षभराने पेटरपुढे आलेली ताजी ताटली, अशी जोडी जमते.

फास्पा हीच तरुणांची भेटण्याची जागा. उपासनेत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. तिथे फार तर नजर. म्हणून पहिला खरा संवाद रविवारी दुपारी चार माणसांत होऊ द्या, आणि पहिला एकांत कामाच्या निमित्ताने : वणवा रोखायला नांगराच्या दोन पट्ट्या काढून मधलं गवत जाळताना, किंवा डुक्कर कापायच्या दिवशी सगळे शेजारी राबत असताना विहिरीवर. स्पर्श जपून वापरा. दोनशे पानांत तीनदा हात लागला तर तिन्ही वेळा वाचकाचा श्वास अडकतो.

विधवा किंवा विधुर पात्र घेणार असाल तर एक नियम विसरू नका. रशियातल्या वसाहतींच्या वारसा पद्धतीत निम्मी मालमत्ता मागे राहिलेल्या जोडीदाराची आणि निम्मी मुलांची, मुलगे-मुली सारख्याच वाट्याने. दुसऱ्या लग्नाआधी मुलांचा वाटा लिहून पालक नेमावे लागत. प्रेमाची कबुली आणि गाई-भांड्यांची यादी एकाच आठवड्यात आली की कथेला जमिनीचा वास येतो.

कुठली मराठी

हे लोक घरात प्लाउटडिच ही आपली जर्मन बोली बोलत आणि उपासनेत उच्च जर्मन. दोन्हींत ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा भेद आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो दाखवता येत नाही, आपल्याला येतो. पेटर-कथरिना दीडशे पानं ‘तुम्ही’ म्हणू द्या. पहिला ‘तू’ कुठे येतो ते आधी ठरवून ठेवा. उपदेशकाला ‘ऊम’ म्हणतात, शब्दशः काका. ते तसंच ठेवा, ‘ऊम याकोब’ कानाला छान लागतं.

ख्रिस्ती म्हटलं की बऱ्याच मराठी लेखकांच्या डोळ्यांपुढे वसई किंवा गोवा येतं, आणि मेनोनाइट घरात फादर, मिस्सा, मेणबत्त्या, क्रुसाची खूण शिरते. यातलं काहीच तिथे नाही. सभागृह साधं, क्रूस नाही, चित्र नाही, वाद्य नाही. एक गायक स्तोत्र सुरू करतो आणि बाकीचे मागून संथपणे ओढत नेतात. शब्द अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट मराठीतून घ्या : मंडळी, वडील, उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, साक्ष. ‘मंडळी’चा घरगुती अर्थही वाचकाच्या मनात असतो, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा संदर्भ स्पष्ट ठेवा.

वचनं मोजकी आणि पात्राच्या गरजेची. रूथचं ‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव’ अशा कादंबऱ्यांत वधूच्या तोंडी सर्रास घालतात. मूळ कथेत ते सुनेने सासूला उद्देशून म्हटलं आहे, आणि बायबल रोज वाचणाऱ्या कथरिनाला हे पक्कं ठाऊक असणार. तिने ते पेटरच्या आईला म्हटलं तर दोन मंडळ्यांमधली सगळी दरी त्या एका ओळीत येते. प्रार्थना लिहिताना तिच्यानंतर लगेच उत्तर देऊ नका. गारा पडतात, प्रार्थना होते आणि पीक तरीही झोपतं. त्यानंतर माणसं रविवारी कुठल्या तोंडाने गातात ते लिहा.

लग्नाचं प्रकरण

लग्न वधूच्या घरी किंवा कोठारात, आमंत्रणाचं एकच पत्र घरोघर फिरवलेलं. आदल्या संध्याकाळी पोल्टरआबेंड, भेटी आणि तरुणांनी म्हटलेल्या कविता. वधूचा वेश पांढरा असेल असं धरून चालू नका, गडद किंवा काळा कपडा सर्रास चाले. मोठ्या मंडळ्यांत रात्री तिच्या केसांतला पानांचा मुकुट काढून काळी फीत लावत; ग्नाडेनाउकडे मात्र असा थाट दाखवू नका.

पेटरचा निर्णय कुठलाही असो, तारीख कागदावरच्या ओळींना विचारून धरा. ४ जूननंतर आणि कापणीच्या आधी जेमतेम दोन-अडीच आठवडे मोकळे मिळतात. त्यात लग्न उरकलं तर नवरी माहेरून निघते ती थेट सासरच्या गव्हात, आणि पहिल्या सकाळी सासू तिच्या हाती देते ती पेंढ्या बांधायला गवताची वळलेली दोरी.